चॅनेलची आतली बाजू

मनगटावर बोटं ठेवून नाडी शोधा. मग सावकाश, लांब श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. नीट लक्ष दिलंत तर जाणवेल, की श्वास आत येताना ठोके किंचित जवळ सरकतात आणि श्वास सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुणांमध्ये हा फरक ठळक असतो, वय वाढेल तसा तो कमी होत जातो. नेमाने प्राणायाम करणाऱ्या अनेकांना तो ओळखीचा असेल.

दोन ठोक्यांमध्ये वाढलेल्या त्या अंतरामागे व्हेगस नावाची चेता असते. मेंदूच्या बुंध्यातून निघून मानेतून छातीत उतरणारी ही चेता हृदयाला ‘जरा दमानं’ असं सतत सांगत असते, आणि श्वास सोडताना तिचा आवाज चढतो. पण तिचं सांगणं पोहोचलं म्हणजे नेमकं काय झालं? हृदयाच्या एका पेशीत कोण कोणापाशी गेलं, कोणी कशाला हात लावला आणि काय हललं? याचं उत्तर मिळायला नव्वद वर्षांहून अधिक काळ गेला. ते मिळता मिळता असंही लक्षात आलं, की हा मामला एकट्या हृदयाचा नाही. मॉर्फिन दिल्यावर वेदना शमते तेव्हा पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या चेतापेशींमध्ये जे चॅनेल उघडतं, ते व्हेगसच्या सांगण्यावरून हृदयात उघडणाऱ्या चॅनेलचं सख्खं भावंड आहे, आणि त्याला उघडणारा हातही तोच आहे.

सुरुवात झाली बेडकापासून. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ओट्टो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाला व्हेगस चेता जोडलेली होती, दुसऱ्याची काढून टाकलेली होती. बेडकाचं हृदय शरीराबाहेर, योग्य क्षार घातलेल्या पाण्यात बराच वेळ धडधडत राहतं. पहिल्या हृदयाची व्हेगस त्यांनी विजेने चेतवली, हृदय मंदावलं. मग त्या हृदयातलं पाणी उचलून दुसऱ्यात घातलं. ज्याला चेताच नव्हती ते दुसरं हृदयही मंदावलं. म्हणजे चेतेच्या टोकातून स्नायूवर वीज उडी मारत नव्हती, तिथून एक रसायन पाझरत होतं. हे १९२१ साली प्रसिद्ध झालं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. १९३६ मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, ज्यू असलेल्या लोवींना अटक झाली आणि पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडता आला. इतकं मोठं सत्य हाती दिलेल्या माणसाशी त्याच्या काळाने असं वागावं, हे वाचताना आजही मन विषण्ण होतं.

आता पेशीजवळ जाऊ. तिच्याभोवतीचं पटल स्निग्ध पदार्थांचं असतं आणि त्याची जाडी असते साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. शांत चेतापेशीच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. घड्याळात घालतो त्या सेलच्या विसाव्या हिश्श्याइतकाही हा दाब नाही. पण तो किती पातळ पडद्यावर ताणलेला आहे ते पाहा. हिशेब केला तर दर मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट येतात. कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. हे वाचत असताना तुमच्या डोक्यातली प्रत्येक चेतापेशी ठिणगीच्या चौपटीहून जास्त ताण एका तेलकट पापुद्र्यावर सांभाळून बसलेली आहे.

या पापुद्र्यात प्रथिनांची चॅनेल रोवलेली असतात. चॅनेल म्हणजे मधोमध बारीक वाट असलेलं प्रथिन. उघडलं की विद्युतभार असलेले आयन त्यातून जातात. पोटॅशियमचं चॅनेल पोटॅशियमला सोडतं आणि सोडियमला अडवतं, आणि गंमत अशी की सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो! मोठा जातो, लहान अडतो. हे कोडं रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये चॅनेलची रचना अणू-अणूपर्यंत उलगडून सोडवलं. आयन पाण्याचे रेणू लपेटून हिंडतात. अरुंद वाटेत शिरायचं तर ते उतरवावे लागतात. वाटेच्या कडेचे ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमला पाण्याच्या जागी बरोबर बेतलेला आधार देतात. लहानग्या सोडियमला तो नीट पोहोचत नाही, म्हणून तो पाणी सोडायला तयार होत नाही. आणि एवढी पारख करूनही चॅनेलचा वेग कमी होत नाही. एका चॅनेलमधून एक पिकोअँपियर प्रवाह वाहतो आहे असं म्हटलं, की त्याचा अर्थ दर सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन.

काही चॅनेल पटलावरचा विद्युतदाब बदलला की उघडतात. चेतेतून धावणारा आवेग त्यांच्यामुळेच धावतो. काही चॅनेल बाहेरून रसायन येऊन चिकटलं की क्षणात उघडतात. स्नायू आकसतो तो अशाने. शाळेत आपण इतकंच शिकतो आणि चेतापेशी म्हणजे उघडझाप करणाऱ्या दारांची एक रांग असं चित्र मनात बसतं. हे चित्र अपुरं आहे. कालव्याच्या चारीवर दारं बसवलेली असली तरी कोणाच्या शेतात किती पाणी जाईल हे नुसत्या दारांवरून सांगता येत नाही. पाळी कोणाची, दार किती उचलायचं आणि कधी पाडायचं हे पाटकऱ्याच्या हातात असतं. चेतापेशीच्या आतही असे पाटकरी फिरत असतात. ती प्रथिनंच असतात. ती चॅनेलला धरतात, सोडतात, त्याच्यावर खूण करतात, खूण पुसतात, त्याला अधिक राजी किंवा अधिक नाखूश करतात. एकच चेतापेशी तोच धक्का बसल्यावर सकाळी एकदा आणि दुपारी दहादा उत्तर देते, ते यांच्यामुळे.

लोवींच्या रसायनाने पोटॅशियमची चॅनेल उघडतात, धनभारित पोटॅशियम बाहेर जातो, आतली बाजू अधिक ऋण होते आणि पुढचा ठोका लांबतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समजलं होतं. पण अ‍ॅसिटिलकोलिन पोहोचल्यापासून चॅनेल उघडेपर्यंत मध्ये थोडा वेळ जात होता. सेकंदाचा छोटासाच भाग, पण चॅनेलच्या जगात तो फार मोठा. मध्ये कोणीतरी होतं.

ते ‘कोणीतरी’ शोधण्याचा एक प्रयोग मला अतिशय देखणा वाटतो. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका चॅनेलचा प्रवाह मोजण्याची रीत दाखवून दिली होती. काचेच्या अतिशय बारीक नळीचं तोंड पेशीवर टेकवायचं. तोंडाखाली पटलाचा जेवढा ठिपका येईल तेवढ्यातलाच प्रवाह मोजायचा. जपानमध्ये सोएजिमा आणि नोमा यांनी १९८४ मध्ये हीच नळी सशाच्या हृदयपेशीवर टेकवली. नळीच्या आत अ‍ॅसिटिलकोलिन ठेवलं तर ठिपक्यातली चॅनेल उघडत. पण नळीत काही न घालता बाहेर, उरलेल्या सगळ्या पेशीवर अ‍ॅसिटिलकोलिन ओतलं तर ठिपका ढिम्म. म्हणजे निरोप्या पेशीभर पोहत जाणारा नव्हता. तसा असता तर पेशीच्या दुसऱ्या टोकाकडूनही तो ठिपक्यापर्यंत आला असता. जो कोणी होता तो पटलाला धरून, रिसेप्टरच्या, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन ज्यावर येऊन बसतं त्या प्रथिनाच्या, अगदी शेजारी वावरत होता. नळीच्या तोंडाएवढ्या वर्तुळात अख्खी साखळी होती.

त्याची ओळख पटवायला मदत केली डांग्या खोकल्याने. हो, लहान मुलांना गुदमरवणाऱ्या आणि त्रिगुणी लसीने ज्याला आवर घातला जातो त्याच डांग्या खोकल्याने. त्याचे जिवाणू एक विष सोडतात. हे विष पेशीत शिरून एका विशिष्ट प्रथिनाला असं काही चिकटवून ठेवतं, की त्याला रिसेप्टरचं ऐकूच येऊ नये. ते प्रथिन म्हणजे जी-प्रथिन. १९८५ मध्ये दिसलं, की पेशीला हे विष आधी दिलं तर अ‍ॅसिटिलकोलिन कितीही ओता, पोटॅशियमचं चॅनेल उघडत नाही. जिवाणूने आपल्याला छळायला घडवलेलं हत्यार शास्त्रज्ञांच्या हाती शोधाचं साधन बनलं.

जी-प्रथिनाचे तीन भाग असतात, अल्फा, बीटा आणि गॅमा. बीटा आणि गॅमा कायम जोडीने राहतात. बाहेर अ‍ॅसिटिलकोलिन येऊन बसलं की पटलातून सात वेळा आरपार गेलेला रिसेप्टर आतल्या बाजूने किंचित उमलतो. त्या धक्क्याने अल्फा जवळचा जीडीपी रेणू टाकतो, जीटीपी उचलतो आणि बीटा-गॅमाच्या जोडीपासून सुटतो. आता पेशीत दोन तुकडे मोकळे आहेत. चॅनेलला कोण उघडतं?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं होतं: अल्फा. कारण जी-प्रथिनांची तोवर माहीत असलेली सगळी कामं अल्फाच करत असे; बीटा-गॅमा म्हणजे त्याला पटलाशी बांधून ठेवणारा खुंटा, अशी समजूत होती. १९८७ मध्ये डायोमेडीस लोगोथेटिस, डेव्हिड क्लॅपहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटलाचा ठिपका पेशीपासून उचकटून त्याच्या आतल्या बाजूला शुद्ध बीटा-गॅमा लावलं, आणि चॅनेल उघडली. वाद पेटला. दुसरा गट अल्फावर ठाम होता आणि त्यांच्याकडेही प्रयोग होते. शुद्ध केलेल्या प्रथिनात मिसळलेल्या साबणासारख्या द्रव्यामुळे तर हे झालं नाही ना, अशी शंका घेतली गेली. कित्येक वर्षं दोन्ही बाजू एकमेकांचे प्रयोग सोलून पाहत राहिल्या. अशा वादात कटुता येते हे खरं, पण इथे प्रत्येक शंकेतून आणखी नेटका प्रयोग जन्माला आला. १९९३ मध्ये या चॅनेलचा जनुक हाती लागला, त्याला जीआयआरके असं नाव मिळालं, आणि पारडं बीटा-गॅमाकडे झुकलं. २०१३ मध्ये मॅथ्यू व्हॉर्टन आणि मॅकिनन यांनी क्ष-किरणांनी घेतलेलं चित्रच समोर ठेवलं. चार उपघटकांनी बनलेल्या चॅनेलला आतल्या बाजूने चार बीटा-गॅमा बिलगलेली, प्रत्येक उपघटकाला एक. ज्याला खुंटा समजत होते तोच हात निघाला.

आणखी एक कोडं होतं वेळेचं. अल्फाजवळचा जीटीपी तुटला की अल्फा परत बीटा-गॅमाला येऊन मिळतो आणि चॅनेल मिटतं. परीक्षानळीत शुद्ध अल्फा जीटीपी तोडण्याचं काम इतक्या आरामात करतो, की कित्येक सेकंद जातात. पण व्हेगस गप्प झाली की हृदय सेकंदभरात पूर्वपदावर येऊ लागतं. तसं झालं नसतं तर श्वासागणिक बदलणारी ती नाडी शक्यच नव्हती. एका श्वासाचा ब्रेक पुढच्या श्वासात अडकून राहिला असता. म्हणजे पेशीत अल्फाला घाई करायला लावणारं कोणीतरी असणारच. १९९० च्या दशकाच्या मध्याला ती प्रथिनं सापडली. त्यांच्या कुळाला आरजीएस म्हणतात. १९९७ मध्ये दाखवलं गेलं, की जीआयआरके चॅनेलच्या जोडीला आरजीएस प्रथिन दिलं की खऱ्या हृदयपेशीसारखा वेग परत येतो.

मेंदूत हीच साखळी जागोजाग आहे. फक्त सुरुवातीचा रिसेप्टर बदलतो: कुठे डोपामिनचा, कुठे सेरोटोनिनचा, कुठे गाबाचा, कुठे शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक एंडॉर्फिनचा. मॉर्फिन याच शेवटच्या रिसेप्टरवर बसतं. बीटा-गॅमा सुटतं, जीआयआरके उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतो आणि वेदनेचा निरोप पुढे नेणारी चेतापेशी शांत होते. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला देतात ते बॅक्लोफेन गाबाच्या एका रिसेप्टरमार्फत हेच करतं. हे चॅनेल बिघडलं तर काय होतं, ते ‘वीव्हर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंदरांत दिसतं. जीआयआरकेच्या वाटेतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. त्यामुळे चॅनेल पोटॅशियम-सोडियम यांतला भेद विसरतं, लहान मेंदूतल्या पेशी मरतात आणि उंदीर झोकांड्या खात चालतो.

मॉर्फिनचं दुसरं काम त्याहून सूक्ष्म आहे. चेतापेशीच्या टोकाशी कॅल्शियमची चॅनेल असतात. आवेग आला की ती उघडतात, आत आलेल्या कॅल्शियममुळे रसायनाच्या पिशव्या फुटतात आणि निरोप पुढच्या पेशीकडे जातो. इथेही बीटा-गॅमा जाऊन चॅनेलला पकडतं, पण इथे त्याचा परिणाम उलटा: चॅनेल नाखूश होतं. उघडायला त्याला जास्त जोराचा धक्का लागतो. राजी आणि नाखूश अशा दोन अवस्थांची ही कल्पना ब्रूस बीन यांनी १९८९ मध्ये मांडली. आणि मग असं दिसलं, की पटलाला खूप जोराचा विद्युत धक्का दिला तर बीटा-गॅमाची पकड निसटते आणि चॅनेल क्षणभर पुन्हा राजी होतं. याचा अर्थ लावताना मी दर वेळी थबकतो. आवेगांची गर्दी उसळली तर हा ब्रेक थोडा सैल पडू शकतो, एकटादुकटा आवेग मात्र अडतो. एका प्रथिनाची दुसऱ्यावरची पकड, आणि तिच्यात किरकोळ कुरकुर आणि तातडीची हाक यांतला फरक करण्याची सोय!

आतापर्यंतची गोष्ट शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात लावण्याची होती. पण पेशीत दूर जाणारे निरोपेही असतात, आणि त्यांच्यामागे आठवणीचा एक धागा सापडला.

समुद्रससा हा बाहेरून शंख न दिसणारा एक गोगलगायीचा भाऊबंद. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची त्याची एक जात एरिक कँडेल यांनी निवडली, कारण तिच्या चेतापेशी साऱ्या मिळून सुमारे २० हजारच, आणि त्यांतल्या काही डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या. याच्या शेपटीला धक्का दिला की पुढे बराच वेळ तो साध्या स्पर्शालाही जोरात कल्ले आत ओढतो. तो सावध झालेला असतो. कँडेल यांना ही सावधता पेशीत कुठे असते ते पाहायचं होतं.

धक्क्याने सेरोटोनिन सुटतं. ते स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशीच्या रिसेप्टरवर बसतं, जी-प्रथिन एका विकराला जागं करतं आणि ते विकर सायक्लिक एएमपी हा लहानसा रेणू भराभर तयार करू लागतं. हा रेणू पेशीत पसरतो आणि प्रोटीन कायनेज-ए या प्रथिनाला गाठतो. एरवी कायनेजच्या कामकरी भागाला त्याचाच दुसरा भाग दाबून ठेवत असतो. सायक्लिक एएमपी येऊन बसलं की तो दाब सुटतो. मोकळं झालेलं कायनेज इतर प्रथिनांवर फॉस्फेटची खूण करत सुटतं. या साखळीच्या शेवटी पोटॅशियमचं एक विशिष्ट चॅनेल बंद होतं. स्टीव्हन सीगलबॉम, जोसेफ कामार्दो आणि कँडेल यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की सेरोटोनिनने ही चॅनेल अर्धवट मिटत नाहीत. एकेक करून पूर्ण मिटतात आणि बराच वेळ मिटलेलीच राहतात. पोटॅशियमची वाट कमी झाल्याने आवेग ओसरायला उशीर लागतो. तो लांबतो, म्हणून जास्त कॅल्शियम आत येतं, म्हणून जास्त रसायन पुढे जातं, म्हणून कल्ला जोरात ओढला जातो. त्याआधी १९८० मध्ये तर कायनेजचा कामकरी भाग थेट चेतापेशीत टोचून पाहिला होता. धक्का नाही, सेरोटोनिन नाही, तरी त्या पेशीचा निरोप बळावला. भीतीचा एक कण सुईने घातल्यासारखं हे होतं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीची एक जात सापडली होती, जिला वासाचा धडा काही केल्या लक्षात राहत नसे. तिचा दोष सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या विकरात निघाला. गोगलगाय आणि माशी, इतके दूरचे प्राणी, आणि दोघांची आठवण एकाच रेणूच्या कमीजास्त होण्याशी बांधलेली. कँडेल यांना २०००चं नोबेल मिळालं.

हाच सायक्लिक एएमपी कधी कधी कायनेजला मध्ये घेतच नाही. हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या पेशींत एक चॅनेल असं आहे, की हा रेणू थेट त्याच्या शेपटीला येऊन बसतो आणि ते लवकर उघडू लागतं. भीतीने छाती धडधडते तेव्हा अ‍ॅड्रेनलिन ज्या वाटांनी काम करतं त्यांतली ही एक. व्हेगस सायक्लिक एएमपी कमी करून तीही वाट आखडती घेते. म्हणजे नाडीवरचा तिचा ताबा दुहेरी आहे.

चॅनेलला हाताळण्याच्या तिसऱ्या रीतीचं कोडं सर्वांत जास्त काळ टिकलं. १९८० मध्ये डेव्हिड ब्राऊन आणि पॉल अ‍ॅडम्स यांना बेडकाच्या चेतापेशींत पोटॅशियमचा एक मंद प्रवाह सापडला. पेशी उतावळी होऊ लागली की हा प्रवाह हळूहळू उठतो आणि तिला आवरतो. अ‍ॅसिटिलकोलिन आलं की तो बंद पडतो आणि पेशी धडाधड आवेग सोडू लागते. त्याला एम-प्रवाह म्हणतात. इथेही अ‍ॅसिटिलकोलिन, इथेही जी-प्रथिन, इथेही पोटॅशियम. पण हृदयात उघडतं आणि इथे मिटतं. कोणाच्या हाताने? कायनेज तपासली, कॅल्शियम तपासलं, कितीतरी संशयित आले आणि गेले. वीस वर्षं गेली.

उत्तर ज्या पटलात चॅनेल रोवलेलं होतं त्या पटलातच होतं. पटलाच्या आतल्या थरात पिप-टू नावाचा एक स्निग्ध रेणू असतो, सगळ्या स्निग्ध रेणूंमध्ये शेकडा एखादा. चॅनेल उघडं राहायला याचा आधार लागतो. रिसेप्टरने चेतवलेलं जी-प्रथिन फॉस्फोलिपेज-सी या विकराला उठवतं. ते पिप-टूचे दोन तुकडे करतं. आधार गेला की चॅनेल मिटतं. पेशीने नवा पिप-टू घडवला की ते पुन्हा उघडतं. २००२ मध्ये ब्युंग-चांग सुह आणि बर्टिल हिल यांनी हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी लोगोथेटिस यांच्या गटानेही. बीटा-गॅमाच्या वादातले तेच लोगोथेटिस. जीआयआरकेलासुद्धा बीटा-गॅमाच्या जोडीला पिप-टू लागतोच. तोवर पिप-टूची प्रसिद्धी त्याच्या तुकड्यांसाठी होती, कारण ते तुकडे पेशीत निरोपे म्हणून फिरतात. सगळे त्या तुकड्यांचा माग काढत होते, आणि इथे निरोप होता तो पिप-टूच्या नसण्यात.

एम-प्रवाहाच्या चॅनेलचे जनुक १९९८ मध्ये कळले ते तान्ह्या बाळांमुळे. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात झटके येतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप थांबतात. त्यांच्यात केसीएनक्यू-२ किंवा केसीएनक्यू-३ या जनुकात दोष असतो, आणि हे दोन्ही मिळून एम-प्रवाहाचं चॅनेल बनवतात.

एकच चॅनेल एका वेळी इतक्या सगळ्यांचं कसं ऐकतं हे पाहायचं असेल, तर वेदनेच्या चेतेकडे जावं. तिच्या टोकाशी टीआरपीव्ही-१ असतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ते मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या मागावर जाऊन शोधलं. तापमान सुमारे ४३ अंशांवर गेलं तरी ते उघडतं, म्हणूनच तिखट खाल्लं की तोंड भाजल्यासारखं वाटतं. आता उन्हाने कातडी पोळलेली असताना आंघोळीला बसा. एरवी सोसणारं कोमट पाणी चटका देतं. पाणी तेच असतं, चॅनेलचा उंबरठा खाली आलेला असतो. पोळलेल्या कातडीतून ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन सुटतात, आपापल्या रिसेप्टरवर बसतात, कायनेज-ए आणि त्याच्यासारखंच खुणा करणारं कायनेज-सी जागी होतात आणि टीआरपीव्ही-१ वर फॉस्फेटच्या खुणा करतात. प्रयोगांत हा उंबरठा शरीराच्या तापमानापर्यंत, त्याच्याही खाली उतरलेला दिसला आहे. म्हणजे आपल्याच अंगाची ऊब दुखू लागते. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. खूण करणाऱ्या हाताला उठवणारी हाकच ते कमी करतं.

ही कायनेज पेशीभर शोधत हिंडत नाहीत. एकेएपी-७९ नावाचं एक प्रथिन कायनेज-ए, कायनेज-सी आणि खुणा पुसणारं कॅल्सिन्युरिन या तिघांना धरून चॅनेलच्या शेजारीच उभं असतं. खूण करणारे आणि पुसणारा, सगळे हाताच्या अंतरावर. आणि मिरचीचा तिखटपणा थोड्या वेळाने बोथटतो त्यातही यांचा वाटा आहे. उघड्या चॅनेलमधून आत आलेलं कॅल्शियम कॅल्सिन्युरिनला जागं करतं, ते फॉस्फेट काढून टाकतं. तेच कॅल्शियम फॉस्फोलिपेज-सीला उठवतं, पिप-टू घटतो, आणि टीआरपीव्ही-१ आधाराअभावी थकतं. चॅनेल स्वतःच्या उघडण्यानेच स्वतःला आवरायची तजवीज करतं.

डॉक्टरांनी यालाच कामाला लावलं आहे. नागीण बरी झाल्यावरही कित्येकांना त्या जागी महिनोन्‌महिने आग होत राहते. कपड्याचा स्पर्श सोसत नाही. अशा ठिकाणी कॅप्सायसिनचं मलम लावतात, काही देशांत ८ टक्के कॅप्सायसिन असलेली पट्टीही तासभर चिकटवतात. पहिल्यांदा भयंकर झोंबतं. पण एवढ्या मात्रेला चेतेची टोकं थकून गप्प होतात, काही तर कातडीतून मागे सरतात, आणि मग कित्येक रुग्णांना तीन-तीन महिने आराम मिळतो, पुढे टोकं पुन्हा वाढून येईपर्यंत.